उसना काळा कोट
सीताफळाचा वास आला की बीडचं एसटी स्टँड आठवतं. एलएलबीच्या पहिल्या वर्षाला होतो. कॉलेजातल्या लुटुपुटीच्या खटल्यासाठी उसना आणलेला काळा कोट मुद्दामच अंगावर ठेवला होता. तो बघून चकलांब्याची एक बाई जवळ आली. "वकीलसायब, पोरानं भांडणात ढकललं अन् माणूस गेला. मारायचं मनात न्हवतं वो त्याच्या." हेतूशिवाय गुन्हा नाही, हे त्याच आठवड्यात शिकलो होतो. "मग सुटेल," मी ऐटीत म्हणालो. "मंग वकील नको लावू?" "गरजच नाही." वकिलाला द्यायला आणलेली सीताफळं तिनं माझ्या पिशवीत ओतली आणि आल्या पावली गाडीत जाऊन बसली. मी ती चवीनं खाल्ली. आता स्वतःचा कोट आहे. हेतू नसला तरी अशा मृत्यूला शिक्षा होते, हे पुढच्या वर्षी शिकलो. माझा हेतू वाईट नव्हता, असं मनाला सांगून बघतो. पण हेतू होता. मला वकिलासारखं दिसायचं होतं.