चिठ्ठी कुणाची, गोळ्या कुणाला!

महाळुंग्याच्या चौकात माझं मेडिकल आहे. कॉलेजात मला औषधं शिकवली, पण माणसं औषधांच्या चिठ्ठीचं काय काय करतात, ते कुणी शिकवलं नाही. ते काउंटरमागे उभं राहूनच कळतं आणि कळलं की दातखीळ बसते!

नियम तसा साधा आहे. मूळ चिठ्ठी पेशंटची. औषध दिलं की मी तिच्यावर शिक्का मारायचा, गरज असेल तर एक झेरॉक्स ठेवून घ्यायची आणि चिठ्ठी परत द्यायची. बस्स! आता ऐका.

*

गावातले एक आजोबा बीपीच्या गोळ्या न्यायला आले. पैरणीच्या खिशातून काय काढलं असेल? लॅमिनेशन केलेली चिठ्ठी! मी शिक्का मारला, तर शाई घसरून अंगठ्याला लागली.

"आजोबा, ही केव्हाची हो?"

"लई जुनी हाय. डाक्टर म्हनले, जपून ठिवा. ठिवली!"

एवढं बोलून त्यांनी काउंटर गच्च धरला.

"चक्कर येतेय का?"

"रोजच येती. म्हनून तर गोळी चुकवत न्हाई!"

स्टुलावर बसवून बीपी पाहिलं. इतकं खाली! मुलाला बोलावलं, तसंच दवाखान्यात पाठवलं. डॉक्टरांनी डोस निम्म्यावर आणला, नवी चिठ्ठी लिहून दिली.

दुसऱ्या दिवशी आजोबा पुन्हा दारात. चेहरा टवटवीत.

"पोरी, हितं लॅमिनेशन कुटं करत्यात गं?"

*

शेजारच्या चाळीत मराठवाड्यातली काही मुलं एका खोलीत राहतात. सगळी कंपनीत, कॉन्ट्रॅक्टवर. त्यातला एक अँटिबायोटिकची चिठ्ठी घेऊन आला. नाव संतोष. औषध दिलं, शिक्का मारला. संध्याकाळी त्याच चिठ्ठीची झेरॉक्स घेऊन दुसराच आला. "मीच संतोष," म्हणाला. त्याला परत पाठवलं, तर सकाळी तिसरा हजर! अंगावर युनिफॉर्म, छातीवर नाव शिवलेलं: अमोल.

"भावा, तू पण संतोष का?"

तो जरासुद्धा कचरला नाही.

"ताई, आजारी पडल्यावर आम्ही सगळे संतोषच असतो. डॉक्टरकडं एकानंच जायचं, बाकीच्यांची शिफ्ट बुडत नाही!"

*

एकाची शिफ्ट मात्र बुडाली. तो झेरॉक्सच मागायला आला. कुणाच्याही चिठ्ठीची!

"कंपनीत दाखवायचीय, मॅडम. आजारी होतो म्हणून."

मी हाकलून दिलं. त्यानं कुठून तरी एक मिळवली, नाव खोडून स्वतःचं घातलं आणि न वाचता ऑफिसात दिली. पुढच्या आठवड्यात खाली मान घालून खोकल्याचं औषध घ्यायला आला, तेव्हा त्यानंच सांगितलं. साहेबांनी चिठ्ठी वाचली, उठून त्याला स्वतःची खुर्ची दिली आणि म्हणाले, "बसा हो, सातव्या महिन्यात उभं राहू नये!"

*

हसू नका, कारण पुढची चिठ्ठी जिवावर बेतली होती.

निगडीच्या एक काकू लेकीकडे आल्या होत्या. तोंड आलंय, जेल द्या म्हणाल्या. पाणीसुद्धा गिळवत नव्हतं त्यांना.

"काकू, आणखी कुठली औषधं चालू आहेत?"

त्यांनी मोबाइल पुढे केला. संधिवाताच्या नव्यानंच सुरू झालेल्या गोळ्या त्यांनी सोबत आणल्या होत्या, चिठ्ठी मात्र घरीच राहिली होती. मुलानं तिचा फोटो पाठवला होता. फोटोत गोळीचं नाव आणि 'एक गोळी' एवढं स्पष्ट होतं, उजवी कड कापली गेली होती.

ती गोळी मला माहीत होती, जास्त झाली की आधी तोंड येतं.

"ही रोज घेता?"

"अगदी न चुकता!"

मी तिथूनच मुलाला फोन लावला. "चिठ्ठी हातात घ्या आणि पूर्ण ओळ वाचा."

तो वाचू लागला. गोळीचं नाव, मग, "एक गोळी... आठवड्यातून एकदा."

आणि फोनवर तो लहान मुलासारखा रडायला लागला.

काकूंना तडक ॲडमिट केलं. बरेच दिवस लागले, पण वाचल्या. तेव्हापासून मी ओरडून सांगते, फोटो काढा, पण कागदाचे चारही कोपरे दिसू देत!

*

आता चाकणकडचे दोन भाऊ. वाटणी झालेली, एकमेकांशी बोलणं बंद. थोरला मोठ्या गाडीतून उतरला आणि त्यानं काउंटरवर अर्धा कागद ठेवला. आडवा, पट्टी लावून फाडलेला. वर वडिलांचं नाव, खाली 'सकाळी' आणि त्याखाली गोळ्या. फाटलेल्या कडेवर 'दुपारी' हा शब्द जेमतेम वाचता येत होता.

"खालचा कागद कुठाय?"

"धाकट्याकडं. सकाळच्या गोळ्या म्या द्यायच्या, रातच्या त्यानं. तसं ठरलंय."

"अहो, मग झेरॉक्स काढायची! चिठ्ठी कशाला फाडायची?"

"मंग ओरिजनल कुणी ठिवायची?"

मी दुकानातून उतरून गाडीपाशी गेले. वडील गाडीतच बसले होते, काच खाली करून. पाय सुजून टम्म झालेले.

"बाबा, सकाळच्या गोळ्या हे देतात, रात्रीच्या धाकटे देतात. मग दुपारच्या कोण देतं?"

म्हाताऱ्यानं थोरल्याकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे.

"दुपारचं अजून कोर्टात हाय, पोरी."