कोंबडा निस्ता आरवतो

किराणा दुकानाच्या फळीवर माणसं गूळ घ्यायला येतात आणि गोष्टी ठेवून जातात. त्यात सरकारनं आमच्या वाशी गावाला कोंबड्यांचा डॉक्टर पाठवला आणि त्यानं माझ्याच फळीवर बैठक मांडली. तेव्हापासून किश्श्यांना पोती पुरेनात.

*

पहिल्याच बाजारी डॉक्टर म्हणाले, "पिल्लू नर की मादी, हे कोंबडीकडून ठरतं. कोंबड्याचं बीज सगळं एकसारखं, कोंबडीचं दोन प्रकारचं."

सुभानराव, माझं जुनं गिऱ्हाईक, शेजारीच टेकला होता. "मंजी कोंबडा निस्ता आरवतो?"

"असंच म्हणा."

"मग आमच्या घरावानीच की. समदं आईच्या हातात."

*

लांबट अंड्यातून नर, गोल अंड्यातून मादी, हा आमच्याकडचा जुना समज. गोल अंडी निवडून मी चढ्या भावानं विकायचो.

"शेठ, आकारात काही नसतं," डॉक्टर म्हणाले.

"भावात असतं ना," मी म्हणालो.

*

एकदा त्यांनी रंगसूत्रं समजावली. कोंबडीत एक मोठं, एक बारकं. लई जुन्या काळी जोडी सारखीच होती. मग आपसातली देवाणघेवाण थांबली आणि एक झिजत गेलं.

"कळलं," मी म्हणालो. "माझी न् धाकट्या भावाची भागीदारी अशीच मोडली. कोण झिजलं, ते माझं पोट बघून ओळखा."

*

शेजारच्या कासिमभाईंची कोंबडी अंडी द्यायची थांबली, तिला तुरा फुटला आणि ती आरवू लागली. अपशकुन म्हणून लोक सुरी घेऊन उभे. डॉक्टर म्हणाले, "पोटातलं अंडाशय बिघडलं की होतं असं कधीकधी."

कासिमभाई कोंबडीला काखेत धरून म्हणाले, "फजर की नमाज को तो उठाती ना. रहने देव."

*

सुभानरावाला सगळ्या मुलीच. एका बाजारी त्याची आई काशीबाई त्याच्या दुसऱ्या लग्नाची हळद, खारका घ्यायला आली. पिशवी धरायला सूनच, मान खाली घालून.

सुभानराव डॉक्टरांना म्हणाला, "तुमीच म्हनला न्हवं, मादीच्या हातात असतंय? मग दोष हिचाच."

"ते पाखरांचं. माणसात उलटं. बाईचं बीज एकसारखं, पुरुषाचं दोन प्रकारचं. मुलगा की मुलगी, ते तुमच्याकडून ठरतं."

माझ्या हातातला तराजू तसाच राहिला. सुनेनं मान वर केली.

"पक्कं?" काशीबाईंनी विचारलं.

"पक्कं."

म्हातारीनं सुनेकडं बघितलं. मग लेकाकडं, जरा जास्त वेळ.

"शेठ, हळद बांधा. लगीन करायचंच हाय," ती म्हणाली. "ह्या पोरीलाच दुसरा नवरा बघू."