डफडं वाजलं की नदीवर

हिलाल कोतवालाची दवंडी सुरू व्हायची ती माझ्या गिरणीच्या दारातून. गावचा चौक माझ्या दारापुढेच, त्याला मी तरी काय करणार! इकडे गिरणी घरघरतेय, पीठ उडतंय, कुणाचा डबा आधी यावरून बाया भांडतायत, आणि त्यातच हा गळ्यात डफडं अडकवून उभा. म्हणायचा, "अक्का, जराशी बंद करस का?" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. चालती गिरणी बंद करायची म्हणजे काय पोरखेळ आहे? पण करायचे बंद. त्याचा आवाज आधीच बसका, गिरणीपुढे कोण ऐकणार त्याचं?

आमचं गाव तापीकाठी, चोपड्याच्या खालच्या अंगाला. मी बेबाबाई, पिठाची गिरणी चालवते. माझी जीभ तिखट आहे असं गाव म्हणतं, म्हणू दे. हिलालबद्दल मात्र मी कधी वाकडं बोलले नाही. बोलायला माणसात काही उरलेलं तर पाहिजे! उंच, वाळका, अंगात सरकारी खाकी सदरा, त्याची कॉलर फाटलेली. चावडी झाडायची त्यानं, तलाठ्याची खुर्ची उन्हातून सावलीत न्यायची त्यानं, तालुक्याला टपाल पोचवायचं त्यानं. बस चुकली की पायी. बेवारस ढोर मेलं तरी आधी हिलालला हाक. आणि वर ही दवंडी.

दवंडी कसली नसायची? रेशनला रॉकेल आलं, वीजबिलाचा माणूस आला, पोरांना डोस पाजायचा आहे, कुणाची म्हैस हरवली. सगळं एकाच चालीत. आधी डफड्यावर दोन थापा, मग "ऐका हो ऐका". लोक दारातून माना काढायचे आणि पुढचं ऐकण्याआधीच विचारायचे, "रॉकेल उनं का रे?" हिलाल म्हणायचा, "नही भो, डोस शे." दारं धाडकन बंद. म्हैस असो की डोस, रॉकेल नाही ना, मग झालं.

एकाच दवंडीला गाव बाहेर पडायचं. पुराच्या.

ते कसं, सांगते. वर धरण झालं. त्याआधी पूर यायचा तो पावसाबरोबर यायचा. आभाळ दोन दोन दिवस गळायचं, पाणी गढूळ व्हायचं, एकेक पायरी चढायचं. माणूस पाहत पाहत मागे सरकायचा. धरण झाल्यावर नदीची तऱ्हाच बदलली. पाऊस कुठे तिकडे वर पडणार, दरवाजे तिकडे उघडणार, आणि आमच्याकडे लख्ख ऊन पडलेलं असताना पाणी येणार, तेही एकदम. म्हणून मग तालुक्याहून पोलीस पाटलाकडे निरोप यायचा. आमचा पोलीस पाटील रुपचंद. तो हिलालला समोर उभं करून कागद वाचून दाखवायचा: नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा देण्यात येत आहे, नागरिकांनी योग्य ती खबरदारी घ्यावी. हिलाल चौकात येऊन ते तसंच्या तसं ओरडायचा. चूक त्याची नाही. कागदात होतं तेच तो सांगायचा.

आता योग्य ती खबरदारी म्हणजे आमच्या गावाला काय कळायचं? आमच्याकडे तापीमायला पूर आला की तिची ओटी भरायची. खण, नारळ, तांदूळ, हिरव्या बांगड्या. ओटी भरली की माय शांत होते, आल्या वाटेनं परत जाते. सासूनं सुनेला सांगितलेलं, सुनेनं तिच्या सुनेला. तर पूर येणार हे कळलं की शहाण्या बाईनं काय करावं? लवकर जाऊन ओटी भरावी! रुपचंदची आई सुंदरबाई सगळ्यात पुढे. डफडं वाजलं की तिचं ताट तयार. तिच्यामागे बाया, बायांमागे पोरं, आणि वाहून येणारी लाकडं ओढायला दोर घेतलेले बापे. हिलाल घाटाकडे जाऊ नका म्हणून कधी ओरडलाच नाही, कारण कागदात ते नव्हतंच. आणि सांगू, कुणाला त्यात वावगं वाटतही नव्हतं. मलाही नाही. मीसुद्धा गिरणीला कुलूप लावून नारळ घेऊन गेलेय की!

अठ्ठ्याऐंशी सालच्या श्रावणात हिलालची बायको मंजुळाबाई गेली. कोतवालाचं घर, बातमी तिला सगळ्यांच्या आधी कळायची, म्हणून ती घाटावर सगळ्यांच्या आधी पोचायची. गुडघाभर पाण्यात उभी राहून ओटी सोडत होती. मागे वळून जाऊबाईला काहीतरी म्हणाली, हसली, आणि पाणी आलं. एवढंच. बांगड्या घातलेला हात एकदा वर दिसला असं म्हणतात. दुसऱ्या दिवशी खालच्या गावाला सापडली. हिलाल त्या वेळी वरच्या गल्लीत डफडं वाजवत होता, बिचाऱ्याची दवंडी अजून संपायची होती.

तेव्हापासून त्या माणसाला एकच ध्यास लागला. डफडं वाजलं की कुणीही नदीवर जाऊ नये. बस. दुसरं काही मागितलं नाही त्यानं देवाकडे.

कागद तोच यायचा, पण हा आता आपलं घालून ओरडायचा. "दरवाजा उघडना शे! घाटवर कोणी जाऊ नका! पानी ई ऱ्हायनं!" लोक काय म्हणायचे ठाऊक आहे? "हिलाल एवढा ओरडतोय म्हणजे यंदा पूर मोठा दिसतोय." आणि दुप्पट माणसं घाटावर! मोठा पूर, तर मोठी ओटी. एका साली त्यानं घाटाच्या वाटेवर आडवं बाजलं टाकलं नि पुढे उभा राहिला. सुंदरबाईनं ते बाजूला सारलं नि म्हणाली, "तुन्ही बायको गयी, तिना दिवस भरेल व्हतात. तू मायना रस्ता अडू नको." हिलाल बाजलं उचलून घरी गेला. माझ्या दारावरून गेला तेव्हा मी म्हटलं, "हिलाल, सोड रे आता." म्हणाला, "अक्का, मी थकी गऊ." पण सोडलं नाही.

चौऱ्याण्णव साली गणपती बसायच्या आधी एक दुपार. ऊन असं की कपडे वाळत घालावेत. रुपचंदकडे निरोप आला. या वेळी तालुक्याचा माणूस मोटारसायकलवर आला होता, म्हणजे काहीतरी जास्तच असणार. हिलालनं कागद ऐकला, बाहेर आला, आणि डफडं गळ्यात न घालता चावडीच्या खुंटीला अडकवलं. डोक्यावरची टोपी काढली. आणि बोडक्या डोक्यानं खालच्या गल्लीत पहिल्या दारापुढे उभा राहिला.

आमच्याकडे मरणाचा निरोप असा येतो. डफडं नाही, टोपी नाही, निरोप्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवत नाही. बाहेरूनच सांगतो नि पुढच्या दाराला जातो.

"मनी माय गयी," हिलाल म्हणाला.

माय वो! वच्छलाबाई गेली! वच्छलाबाई म्हणजे हिलालची आई, गावची सुईण. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. माझी दोन्ही पोरं तिनंच काढली. गावात मयत पडली की मढं उठेपर्यंत चूल पेटत नाही, देवाचं काही होत नाही, कसली ओटी नि कसली पूजा! घरटी माणूस मयताच्या घरी. मी गिरणीचा पट्टा उतरवला आणि पदरानं तोंडावरचं पीठ पुसत निघाले. हिलालचं घर गावाच्या वरच्या अंगाला, शाळेजवळ, टेकाडावर. सगळं गाव ते टेकाड चढत होतं. म्हातारे काठ्या टेकत, लेकुरवाळ्या पोरं काखेत मारून. सुंदरबाईनं तर वळणापासूनच हेल काढून रडायला सुरुवात केली.

आणि दारात वच्छलाबाई! मांडीवर सूप, सुपात तूरडाळ, खडे वेचतेय. हेल ऐकून कपाळाला हात लावून बघतेय. म्हणाली, "कोण मरनं वो माय?"

काय सांगू तुम्हाला, रडणं तोंडातच राहिलं सगळ्यांच्या. मग जो गलका झाला! जिवंत आईचं मरण सांगतोस? लाज नाही वाटत? रुपचंदनं तर हिलालची गचांडी धरली. आईचं आयुष्य तोडलंस म्हणून सुंदरबाई जमिनीवर हात आपटायला लागली. मीही बोलले असेन काहीबाही. हिलाल टेकाडावरून खाली बघत होता. तो बघतोय म्हणून एकेकानं बघितलं.

घाट नव्हता. जिथे घाट होता तिथे पाणी होतं, आणि ते पाणी मारुतीच्या देवळाच्या पायऱ्यांना लागलं होतं. खालच्या गल्लीत कुणाची तरी पाटी तरंगत होती. ऊन तसंच लख्ख. बाया ताटं घेऊन उभ्या राहायच्या ती जागा कुठे होती, ते आता बोटानं दाखवताही आलं नसतं.

तरी कुणी त्याला बरं म्हटलं असेल तर शपथ. मेलेल्याला जिवंत म्हटलं तर लोक खपवून घेतात, जिवंताला मेलं म्हटलेलं नाही. अपशकून तो अपशकूनच. एकटी वच्छलाबाई हसली. सुपातली डाळ पाखडत म्हणाली, "मी मरी गयी म्हणीसन गाव वर येस, ते दर साल मार माले."

पुढच्या साली पूर आला तेव्हा हिलालनं पुन्हा डफडंच वाजवलं. लोक दारातून विचारत, "हिलाल, आज कोणाले मारस?" आणि हसत. पण देवळाच्या पायऱ्यांना लागलेलं पाणी डोळ्यांनी पाहिलेलं होतं ना! सुंदरबाईनं त्या साली ओटी देवळाच्या पायरीवरूनच सोडली, आणि तिच्यामागे बाकीच्यांनीही. घाटाच्या वाटेवर हिलाल उभा होता, त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. त्याचं काम झालं होतं म्हणा. पण गावानं त्याचं नाव टाकलं ते टाकलंच. हिलाल काही सांगायला लागला की लोक एकमेकांना डोळे घालायचे. रॉकेल आलं म्हणाला तरी कुणी पोराला आधी पाठवून खात्री करून घ्यायचं. त्याची लेक नशिराबादला दिलेली, ती बापाला म्हणायची, दादा, सोडा ही कोतवालकी, माझ्याकडे या. हा म्हणायचा, मायचं झालं की येतो.

मग वैशाख. दुपारची वेळ, लू अशी की चिमणी फिरकेना. तापी खाली वाळूत एका कडेला गेलेली, गुरंसुद्धा घोटाभर पाण्यातून पलीकडे जायची. माझ्याकडे दळण थोडं, गिरणी आपली रिकामीच घरघरत होती. मी सुपारी कातरत बसले होते. वर बघते तर दारात हिलाल. बोडकं डोकं. उन्हानं चेहरा काळा ठिक्कर पडलेला.

"अक्का, जराशी बंद करस का?"

मी त्याच्या डोक्याकडे पाहिलं. पट्टा उतरवला.

तो पायरीवर बसला. एवढ्या वर्षांत माझ्या पायरीवर तो कधी बसला नव्हता. सगळ्यांच्या दारी जाऊन आला होता. म्हणाला, "बठ्ठासना घर फिरी उनू. कोणी उठनं नही. हसतस. पूर ई ऱ्हायना का रे, म्हणतस."

जिनं यांना आईच्या पोटातून बाहेर काढलं, तिच्यासाठी एक माणूस उठला नाही! आग लागो त्या हसण्याला. सुपारी तशीच टाकून मी उठले. गिरणी थांबली तशी गल्लीत एकदम शांत झालं होतं. समोरच्या दारातून सुंदरबाईनं मान काढली. भर दुपारी माझी गिरणी बंद होत नाही हे तिला ठाऊक होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग हिलालच्या डोक्याकडे, आणि तिच्या हातातलं ताट खाली गेलं.

"हिलाल," ती म्हणाली, "खरं शे का रे?"

हिलाल उठला. कंटाळलेल्या माणसासारखा, गुडघ्यांवर हात ठेवून.

"पूर ऱ्हाता ते बरं व्हतं, काकू," तो म्हणाला. "माय ते ऱ्हाती."

आणि टेकाडाच्या वाटेला लागला. आम्ही दोघी त्याच्यामागून गेलो. मागे एकेक दार उघडत होतं.