सुंद्राच्या डोक्यावरचा माझा पदर

होळी झाली की दुसऱ्या दिवसापासून मिरगाचा पाऊस पडेपर्यंत आमच्या घरात सकाळचा पहिला घास सुंद्राच्या नाकाला विचारून खाल्ला जाई. उजाडलं की ती दारात उभी राहायची, डोंगराकडे तोंड करायची, चिमूटभर तंबाखू डाव्या गालात सारायची आणि एक लांब श्वास घ्यायची. मग निकाल. "आज न्हाय" म्हणाली की आत्याबाई पेजेचं भांडं चुलीवर ठेवत. "आज हाय" म्हणाली की भाकरी फडक्यात बांधल्या जात, कारण मग दिवसभरात कुठंतरी रान पेटणार हे ठरलेलं. आत्याबाई म्हणजे आमच्या सासूबाई. सुंद्रा माझी धाकटी जाऊ. मला, थोरल्या सुनेला, त्यांनी एकदासुद्धा विचारलं नाही, की बाई, तुला काही वास येतोय का? मला काय नाक नव्हतं? आणि ज्या बाईच्या तोंडात चोवीस तास निपाणीची तंबाखू, तिला दुसरा वास येणार तरी कसला? निम्म्या वेळा तिचं चुकायचं. चुकलं की म्हणायची, "वारं फिरलं." तेवढ्यावर सगळ्यांचं समाधान.

मी शहापूरची. वडिलांच्या घरी माग होते, आणि मी मराठी चौथी पास होते. खानापूरच्या रानाकडेला असलेल्या त्या गावात लग्न होऊन आले तेव्हा वाचता येणारी बाई मी एकटीच. वाटलं होतं, मान मिळेल. मिळालाही थोडा, सुंद्रा येईपर्यंत. ती निपाणीकडची, लहानपणापासून तंबाखूच्या वखारीत राबलेली. नवी नवरी म्हणून आली त्या दिवशी आत्याबाईंनी तिला ओढ्यावरून पाणी आणायला सांगितलं, तर ही विचारते, "किती खेपा? आदी ठरवा आत्याबाई, मागनं वाडवायच्या न्हाईत." मी पदर तोंडाला लावून वाट बघत राहिले, आता बसणार शिव्या. तर आत्याबाई हसल्या! पोट धरून हसल्या. मी तीन वर्षं मान खाली घालून पाणी भरलं होतं, मला त्या एकदाही बघून हसल्या नव्हत्या. त्या दिवशी जे माझ्या पोटात दुखायला लागलं ते पुढं कधी थांबलं नाही, आणि मी ते लपवतही नाही.

मग लढाई सुरू झाली. गावातले धडधाकट गडी पलटणीत गेले, त्यात आमच्या दोघींचे नवरेही गेले. उन्हाळा आला तसा जंगलखात्याचा गार्ड आमच्या ओसरीवर येऊन बसला. वणवा विझवायला माणूस नाही, बायका द्या म्हणाला. त्याचा हिशेब असा, की गाव रानातलं गवत नेतं, पाला नेतं, जळणाला फाटी नेतं, तेव्हा आग लागली तर गावानं धावायचं ते फुकट. मोठी आग असेल, खात्यानं बोलावलं असेल, तरच रोज, म्हणजे दिवसाची मजुरी. त्यासाठी वरून मंजुरी येते ती मोजकी. बाईला गड्याच्या निम्मा रोज. पाणी वाहणारीला काही नाही, कारण ती आग विझवत नाही, नुसती चालते. पण मुकादमाला मात्र पुरा रोज, आणि मुकादम नावं लिहिता येणारा पाहिजे.

असं म्हणून त्यानं माझ्याकडे बघितलं. मी मुकादम झाले! त्या रात्री आनंदानं मला जेवण गेलं नाही. शेवटी काहीतरी असं आलं होतं जे सुंद्राला मिळणं शक्य नव्हतं. ती शांतपणे तंबाखू मळत म्हणाली, "लई बरं झालं आक्का. तू नावं घाल, मी मानसं घालतो."

आणि झालंही तसंच, मेलं. पहिल्या आगीला मी चावडीपाशी उभी राहून "आग लागली हो, आग!" म्हणून ओरडले. दोन म्हाताऱ्या आणि एक कुत्रं आलं. सुंद्रा "आग" हा शब्दच काढत नसे. खळ्यावर चढायची आणि एकेकीचं नाव घेऊन विचारायची, "गंगे, उद्या म्हशीला काय तुजी येनी चारनार हाईस? पारे, तरवा भाजायला पाला कुटला आननार, आकाशातला?" ज्या बाईचं रानात जे अडलेलं, तेच ती बोलायची. भाताच्या रोपांची जागा भाजायला पाला लागतो, तो जळाला तर पुढचं सगळंच गेलं, हे कुठल्या बाईला सांगावं लागतं? बायका चुलीवरची कालवणं उतरवून धावायच्या. नावं घालायला मग मी मागून जायची.

तिची विझवायची रीतही माझ्या अंगावर काटा आणणारी. लहान आग हिरव्या डहाळ्यांनी झोडपायची, ते ठीक. पण मोठी आग अंगावर येताना दिसली की ही तिच्या पुढं जाऊन वाटेवरचा पाचोळा झाडून घ्यायची आणि त्या झाडलेल्या पट्ट्याच्या कडेनं स्वतःच नवी आग लावायची. तिला ती सामोरी आग म्हणायची. मोठी आग येईपर्यंत ह्या छोटीनं तिच्या वाटेतलं सगळं खाऊन टाकलेलं असायचं. दोघी समोरासमोर भिडायच्या आणि खायला काही उरलं नाही म्हणून विझायच्या. "भ्याचं न्हाय आक्का," ती म्हणायची, "फकस्त वारं बगून लावायची." मी मुकादम, आणि मला शिकवायची.

ज्या आगीबद्दल मला सांगायचंय ती वैशाखात लागली. पलीकडच्या वाडीत कुणा शहाण्यानं भर दुपारी, वारं सुटलेलं असताना तरवा भाजायला घेतला आणि ठिणगी रानात गेली. त्या दिवशी रेंजरसाहेब घोड्यावरून येणार असा निरोप होता. साहेबासमोर मुकादम मुकादमासारखी दिसायला पाहिजे, म्हणून मी माहेरचं शहापुरी लुगडं नेसले, मोरपंखी, रुंद काठाचं. सुंद्रानं मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "आगीच्या लग्नाला चाललीस जनू." बायका फिदीफिदी हसल्या.

दिवस कलेपर्यंत आम्ही झोडपत होतो. सामोरी आग लावली, ती बसली, आणि आता संपलं म्हणेपर्यंत गंगूच्या लुगड्याच्या ओच्यानं पेट घेतला. गंगू पळायला लागली. सुंद्रानं तिला आडवी पाडली, हात मागं केला, हाताला लागला माझा पदर. टर्रकन फाडला, घागरीत बुचकळला आणि गंगूच्या पायांवर दाबून धरला. गंगू वाचली, घोट्यापाशी थोडं भाजलं तेवढंच. काय बोलणार होते मी? पोरीच्या जिवापुढं पदर काय मोठा? तोंडानं म्हटलं, "बरं केलंस." पोटात मात्र मी तिला लाख शिव्या दिल्या. बारा बायकांचे पदर होते तिथं. माझाच बरा सापडला!

आग विझल्यावर गार्डनं रोजाचं सांगितलं. मोठी आग, खात्यानं बोलावलेली, तेव्हा बायकांना निम्मा रोज, मुकादमाला पुरा, पाण्यावाल्यांना काही नाही. सुंद्रानं हातातली डहाळी टाकली. डोंगरातून खाली येणारी जी एकच वाट, तिच्यावर मधोमध जाऊन बसली. तिच्या शेजारी गंगू बसली, मग पारू, मग सगळ्या, काळी तोंडं घेऊन. तंबाखूच्या वखारीत निपाणीच्या बायका मजुरीसाठी अशाच वाट अडवून बसतात, हे ती आधी कितीदा सांगायची. उभी राहिले फक्त मी. माझा तर पुरा रोज होता.

थोड्या वेळानं रेंजरसाहेबांचं घोडं आलं आणि बायकांपुढं थांबलं. "मुकादम कोण?" त्यांनी विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सुंद्राकडे बघितलं. ही बाई, जी सासूशी पाण्याच्या खेपा ठरवते, ती आता बोलणार, साहेबांना गप्प करणार आणि उद्या सगळ्या गावात तिचंच नाव होणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. तर ती खाली मान घालून तंबाखू मळत होती. एवढ्यात हळूच, पण मला ऐकू येईल असं, गंगूला म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं. आक्काच्यानं काय व्हनार? मीच बोलतो."

बस्स. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"साहेब," मी म्हटलं, आणि पदर फाडून उरलेलं लुगडं तसंच खांद्यावर ओढून पुढं झाले, "मंजुरी आगीची येते की मिशांची? गडी असते तर ही आग जेवढी मोठी होती तेवढीच असती ना? आम्ही काय निम्मी विझवून निम्मी ठेवलीय? ठेवली असेल तर दाखवा, निम्मा रोज घेतो." गार्ड मध्ये बोलायला लागला, त्याला मी हातानंच गप्प केलं. पाणी वाहणाऱ्यांचं काढलं. म्हटलं, घागर नसती तर ही गंगू आज घरी गेली नसती, मग पाणीवाली नुसती चालते कशी? सगळ्यांची पोरं दिवसभर आमच्या म्हाताऱ्या सासूबाई सांभाळतात, त्यांचंही काढलं. सुंद्रानं वखारीत जे जे मागितलं असतं त्याच्यापेक्षा दोन गोष्टी जास्तच मागायच्या, एवढंच माझ्या डोक्यात होतं. शेवटी लुगड्याच्या पदराचे पैसेसुद्धा मागितले.

साहेब पदराला हसले. सासूबाईंना काही मिळालं नाही, पदरालाही नाही. पण झोडपणाऱ्या बायकांना त्या आगीपासून पुरा रोज आणि पाणीवालींना निम्मा, एवढं त्यांनी कबूल केलं. पैसे हातात पडले मिरगानंतर, पण पडले. बायका उठल्या तेव्हा माझ्याभोवती गोळा झाल्या, सुंद्राभोवती नाही. आयुष्यात एवढं गोड मला काही लागलेलं नाही.

घरी येताना सुंद्रानं मला मागून येऊन गाठलं आणि म्हणाली, "झ्याक बोललीस."

"तू बोलणार होतीस की," मी म्हटलं.

"मी कशाला बोलतो? साएबापुडं माझी बोबडी वळती. वखारीत मी पाटीमागं बसून टाळ्या वाजवायचो. बोलनारी येगळीच हुती." तिनं तंबाखू थुंकली. "तुला चेव आल्याबिगर तुझं त्वांड उगडत न्हाय, म्हनून तसं म्हनलो. सामोरी आग लावली."

मी ताडताड चालत तिच्या पुढं निघाले. म्हणजे माझ्या विजयातसुद्धा निम्मा वाटा तिचाच!

तो फाटका, कडेनं जळलेला पदर तिनं मागून घेतला. "तुला आता काय उपेग?" म्हणाली. नंतर प्रत्येक आगीला तो डोक्याला बांधून जायची. मोरपंखी रंग लांबून दिसायचा, म्हणून बायका म्हणायच्या, सुंद्राक्काचा पदर दिसला की धीर येतो. सुंद्राक्काचा पदर! मी दहा जणींना सांगितलं, तो माझा आहे, शहापूरचा आहे. त्या म्हणायच्या, व्हय व्हय, आणि पुन्हा तेच म्हणायच्या.

लढाई संपली, गडी परत आले. त्याच वर्षी पावसाळ्यात सुंद्राला हिवतापानं धरलं. शेवटी शेवटी तिला कसलाच वास येईनासा झाला होता. तरी सकाळी दाराकडं तोंड करून निजायची. मी म्हटलं, "पाऊस पडतोय, आता कशाला?" तर म्हणाली, "सवय झालीया. तू बगत जा मागनं. तुझं नाक लई सरळ हाय." एवढ्या वर्षांत तिनं माझ्या नाकाचं नाव पहिल्यांदा काढलं, आणि दोन दिवसांनी गेली. तिच्या मयताला वाड्यावाड्यांवरून माणसं आली. माझ्या मयताला इतकी येणार नाहीत, हे मला तेव्हाही कळत होतं.

पुढच्या होळीच्या दुसऱ्या दिवशी उजाडताच बायका आपोआप आमच्या अंगणात येऊन थांबल्या. आत्याबाई पेजेचं भांडं हातात घेऊन चुलीपाशी बसून राहिल्या. मी खुंटीवरचा तो पदर काढला. माझाच होता. डोक्याला घट्ट बांधला, दारात उभी राहिले, डोंगराकडे तोंड केलं आणि लांब श्वास घेतला. "आज न्हाय," मी म्हटलं. माझ्या तोंडून शहापूरचं "नाही" निघालंच नाही.

गंगू माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "लांबनं सुंद्राक्काच उबी हाय वाटली गं."

नाक माझं, पदर माझा, मुकादम मी, आणि नाव पुन्हा तिचंच. मला इतका राग आला तिचा, इतका राग आला, की डोळ्यांना धार लागली. धुराचं निमित्त सांगावं म्हटलं, तर डोंगर तसा स्वच्छ होता.