उस्तादाची चिमूट

माझा दादा एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मुख्य स्वयंपाकी आहे. तिथे त्याला सगळे उस्ताद म्हणतात, आणि त्याला ते भारी आवडतं. मी धाकटी बहीण, तिथेच भाजी चिरते, त्यामुळे ही उस्तादी मला रोज जवळून बघायला मिळते. पळीने घोटभर तळहातावर घ्यायचं, चाटायचं, डोळे मिटायचे आणि पातेल्याला सांगितल्यासारखं म्हणायचं, "अजून एक चिमूट." त्याची चिमूट म्हणजे आपली मूठ.

गेल्या वर्षी त्याच्या छातीत दुखलं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, "हृदय नाजूक झालंय, मूत्रपिंडंही थकायला लागलीत. मिठाने रक्तदाब चढतो आणि त्याचा मार दोन्हींवर बसतो. मीठ अगदी कमी करा."

वहिनीने कंबर कसली. मिठाची बरणी वरच्या फळीवर गेली. दादा ताटाकडे बघून शिक्षा झाल्यासारखं तोंड करायचा, पण जेवायचा. "तुझं बरंय, तुला वरून मीठ घेता येतं," असा वहिनीला टोमणा मात्र रोजचा. ती नुसती हसायची. बाहेर आपण घासभरही खात नाही, असं तो छातीठोकपणे सांगायचा, आणि ते खरं होतं. कॅन्टीनमध्ये तो कधी ताट घेऊन बसला नाही.

तरीही परवाच्या तपासणीत मूत्रपिंडांचं दुखणं वाढलेलं निघालं. असंच चाललं तर पुढे यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावं लागेल, असं बाई म्हणाल्या. घरी आल्यावर वहिनी ओट्याशी उभी राहून रडायलाच लागली.

"माझ्याच हातून काही चुकतंय का गं?" तिने मला विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी कांदा चिरत होते. दादाने डाळ चाखली. मग भाजी. मग रस्सा, आणि परत डाळ. माझी सुरी थांबली.

"दादा, हे काय चाललंय?"

"चाखतोय."

"सकाळपासून तेच करतोयस. हे मीठ जातं कुठे रे? तळहातात जिरतं?"

"चाखणं म्हणजे काय खाणं झालं का गं?" तो इतक्या निरागसपणे म्हणाला, की हसावं की त्याच्या टाळक्यात पळी घालावी तेच मला कळेना. मग त्याचं त्यालाच उमगलं आणि चेहरा पडला. "पण न चाखता रांधू कसं? मग मी उस्ताद कसला?"

मी घरी सगळं सांगितलं. वहिनी रागावली नाही. सकाळी सरळ कॅन्टीनमध्ये येऊन उभी राहिली. "तुम्ही रांधा, मी चाखते."

दादाने नाखुशीनेच पळी पुढे केली. तिने डाळ चाखली. "खारट." भाजी चाखली. "खारट." रस्सा जिभेला लागताच तिने पाणीच मागितलं.

"अगं, रोजचंच प्रमाण आहे!" दादा वैतागला. "सगळे मिटक्या मारत खातात. तुझ्याच जिभेला काय झालंय?"

"सवय गेली असेल," ती सहज म्हणाली. "वर्षभर तुमचं तेच माझं. वरून घेतलंच नाही कधी."

दादा बघतच राहिला. दुखणं त्याचं होतं आणि पथ्य मात्र खरं तिने पाळलं होतं. मला त्या क्षणी दोघांबद्दलही फार वाईट वाटलं.

त्याने पळी धुतली, पुसली आणि तिच्या हातात दिली.

"बस इथे," तो म्हणाला. "आता चिमूट किती, ते तू सांगायचं."