आतून निळं निघालेलं दार

कडेगावचा नानासो तोफखान्यातून हवालदार होऊन घरी आला, तेव्हा भावकीला वाटलं, आता हा ऊस बघेल आणि पारावर बसेल. पण ऊस धाकटा भाऊ बघतच होता आणि पारावर बसणं नानासोला काही जमेना. चार माणसं हळू बोलायला लागली की त्याला वाटायचं, आपल्याबद्दलच चाललंय. कुणी हसलं की तो धोतराचा सोगा झटकल्यासारखी पँट झटकून उठायचा. दुधात पाणी, खतात माती, माणसात कपट हे त्यानं धरूनच ठेवलेलं.

बसून काय करायचं म्हणून त्यानं सत्त्याण्णव साली एक वापरलेली व्हॅन घेतली आणि भाड्यानं फिरवायला लागला. व्हॅन मेहुण्याची. नानासोची बायको शालूबाई विट्याची. तिचा भाऊ अर्जुना तिकडं तमिळनाडूत सेलमला गलाईचं दुकान चालवायचा, म्हणजे जुनं सोनं आटवून शुद्ध करून द्यायचं. अर्जुना गावी आला, व्हॅन आता विकायची म्हणाला, आणि नानासोनं घेतली. घरातलंच माणूस, म्हणून तेवढ्या एका व्यवहारात त्यानं खोलात जाऊन काही विचारलं नाही.

फौजेतून आलेला म्हणून सगळे त्याला मेजरच म्हणायचे. भाडी मिळायला लागली, पण गिऱ्हाईक बसलं की पहिल्यांदा विचारायचं, "मेजर, टेप न्हाई व्हय?" म्हणून नानासो सांगलीला महेंद्रकडं गेला. मार्केट यार्डाच्या अलीकडं, हळदीच्या वासात महेंद्रचं गाड्यांना टेप बसवायचं दुकान होतं. माणूस कामाला चोख, पण डोक्यानं तापट. त्यानं टेप बसवला आणि पुढच्या दोन्ही दारांत नवे स्पीकर घातले. तेवढ्यात नानासो चहाला जाऊन आला. ही चूक त्याला पुढं फार सलली.

तासगाव यायच्या आत उजव्या दारात काहीतरी वाजायला लागलं. गाण्यात ढोलकी आली की दार असं घणघणायचं, जसा काय पत्र्याच्या डब्यात भुंगा कोंडलाय. नानासोनं आवाज वाढवला, भुंगाही वाढला. त्याच्या मनात लख्ख प्रकाश पडला. चहाला गेलो तेवढ्यात त्यानं खोक्यातला माल बदलला!

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुकानात उभा. "स्पीकर डुप्लिकेट घातलास."

महेंद्रनं हातातला पाना खाली ठेवला. "मेजर, तोंड सांभाळून बोला. खोकी तुमच्याम्होरं फोडलीत."

"फोडलीस. बसवलंस कवा? मी नव्हतो तवा."

महेंद्र कामाला लागला. डावा स्पीकर काढून उजवीकडं लावला, उजवा डावीकडं. टेप चालू केला. भुंगा उजव्या दारातच.

"मग दोन्ही बी डुप्लिकेट आसतील," नानासो म्हणाला.

"एकच करा. बाहीरनं दारावर हात दाबून धरा," महेंद्र म्हणाला.

नानासोनं तळवा दाराच्या पत्र्यावर टेकवला. पत्रा मुंग्या आल्यासारखा थरथरत होता. त्यानं जोर दिला तशी घणघण थांबली. हात काढला, पुन्हा सुरू. त्यानं तीन-चारदा करून बघितलं, मग हात खिशात घातला. ह्यात पण काहीतरी हातचलाखी असणार.

"स्पीकर वाजतोय बरूबर," महेंद्र म्हणाला. "त्येच्या दणक्यानं पत्रा नाचतोय. आतनं डांबरी पट्टं चिकटवायचं, गच्चीला गळती लागल्यावर लावत्यात तसलं. पत्रा जड झाला का गप बसतोय. मागं मी एका गाडीत स्पंज कोंबला हुता, त्यो पाणी पिऊन बसला नि दार कुजलं. शिव्या खाल्ल्या तवा शिकलो."

"म्हंजे माझं दार बी कुजणार."

"खालची भोकं मोकळी ठेवली का पाणी जातंय निघून. उभं राहून बगा, मग तर झालं?"

महेंद्रनं दाराचं आतलं कव्हर काढलं, बॅटरी मारली आणि थबकला. नानासोच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"काय रं? काय बगतुयास?"

"मेजर, गाडी पांढरी. दार आतनं निळं हाय."

नानासोनं वाकून बघितलं. खरंच निळं. कडेला पांढरा रंग ओघळून वाळलेला, आणि मध्ये पत्रा ठोकून सरळ केल्याच्या खुणा. त्यानं ताठ होऊन महेंद्रकडं पाहिलं. "दार बी बदललंस?"

महेंद्र आधी भडकला, मग त्याला हसूच आलं. "तुमी चा पिऊन येस्तवर मी अख्खं दार बदलून रंगवलं, व्हय? ज्येच्याकडनं गाडी घेतली त्येला इचारा की."

नानासोनं उघड्या दाराची गाडी तशीच बाहेर काढली आणि घरी येऊन शालूबाईला बसवून विट्याला गेला. अर्जुना जत्रेसाठी आलेला, अजून गावातच होता. नानासोनं पाणीसुद्धा घेतलं नाही. "अपघाताची गाडी घातलीस व्हय माज्या गळ्यात?"

"दाजी, सांगितलं हुतं की!" अर्जुना गांगरला. "गाडी घिऊन निघालासा तवा, शेजारी बसून सांगितलं. एस्टीनं घासली, उजवं दार दुसरं बसवलंय. तुमी व्हय व्हय म्हणालासा."

"खोटं!"

"न्हाई वो," शालूबाई म्हणाली. "मी मागं बसलेली. त्येनं सांगितलं हुतं."

नानासोनं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. बहीणभाऊ. रक्ताला रक्त मिळालं. तो तोंड फिरवून अंगणात उभा राहिला. थोड्या वेळानं शालूबाईनं त्याच्या डाव्या दंडाला हात लावला. तो दचकला.

"कवाधरनं हाका मारतीय," ती म्हणाली. "ऐकू येत न्हाई का तुमाला?"

"सगळं येतंय," तो म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला. परतीच्या वाटेवर शालूबाई काही बोलली का, हे त्याला कळलं नाही, आणि आज पहिल्यांदा त्याला त्याची भीती वाटली. ती त्यानं मनातून हाकलून दिली. दार घणघणतंय, त्यात माणसाचं बोलणं काय कळणार? आधी दार नीट करू.

महेंद्रकडं तो शालूबाईलाही घेऊन गेला. साक्षीदार असलेला बरा. महेंद्रनं पत्रा थिनरनं पुसला, डांबरी पट्टे स्टोव्हवर गरम करून आत चिकटवले आणि लाकडी लाटण्यानं दाबत गेला. आतल्या पत्र्याची मोठी भोकंही बुजवली. खालची पाण्याची भोकं नानासोनं स्वतः काडी घालून तपासली. दोन्ही दारं झाल्यावर महेंद्रनं दार लावून दाखवलं. आधी खणकन वाजणारं दार आता धप्प करून मिटलं.

टेप चालू झाला. ढोलकी छातीवर थाप मारल्यासारखी भरीव आली. भुंगा गेला होता. रस्त्यावरचा एक रिक्षावाला ऐकत उभा राहिला. महेंद्र आणि शालूबाई दोघंही हसत होते.

नानासो हसला नाही. ढोलकी ऐकू येत होती, गाणाऱ्या बाईचा आवाज ऐकू येत होता, पण शब्द भिजल्या कागदावरच्या शाईगत पसरलेले. "अजून काय तरी खोट हाय," तो म्हणाला. "ती काय म्हणतीय त्ये कळंना."

महेंद्रच्या कपाळावर आठी आली. तो काही बोलणार, तेवढ्यात शालूबाईनं बाईच्या पाठोपाठ ओळ म्हणायला सुरुवात केली. एक ओळ, दुसरी, तिसरी. कॅसेट महेंद्रनं आत्ताच नवी फोडलेली; तिनं ते गाणं आधी कधी ऐकलेलं नव्हतं, हे नानासोला ठाऊक होतं. तो तिच्या ओठांकडं बघत राहिला. स्पीकर खरा होता. पत्रा गप्प होता. आता संशय घ्यायला कुणी उरलं नव्हतं.

"तोफंजवळ आमी कानात कापूस घालायचो," तो शेवटी म्हणाला. "कधी घालायचा ऱ्हायचा बी."

शालूबाई म्हणाली, "मला वाटायचं, तुमी मुद्दाम उत्तर देत न्हाई. लय राग धरला मी."

तिथूनच ती दोघं मिरजेला कानाच्या डॉक्टरकडं गेली. डावा कान जवळजवळ गेलेला, उजवा अर्धामुर्धा. गाडी घेतली त्या दिवशी अर्जुना त्याच डाव्या बाजूला बसलेला. यंत्र मिळालं, ते जुनं नाही ना म्हणून नानासोनं उलटंपालटं करून बघितलं. आधी भांड्यांचा आवाजही त्याला झोंबायचा. हळूहळू मागच्या सीटवरचं बोलणं ऐकू यायला लागलं: उसाची तोड, सुनांची भांडणं, कुणाच्या तरी पोराची भरती. त्याच्याबद्दल कुणी चकार शब्द बोलत नव्हतं. त्याचंही त्याला जरा वाईटच वाटलं.

अर्जुना परत निघाला तेव्हा नानासोनंच त्याला मिरज जंक्शनला सोडलं. चुकलो असं म्हणणं काही त्याच्या तोंडून निघालं नाही. वाटेत त्यानं एवढंच विचारलं, "बॉनेट तरी ह्याच गाडीचं हाय न्हवं?" अर्जुना पोट धरून हसला. रेल्वे फलाटाला लागली, तसा गोंगाट यंत्रातून डोक्यात घुसायला लागला. नानासोनं यंत्र काढून खिशात टाकलं. अर्जुना डब्याच्या खिडकीतून काहीतरी सांगत होता.

"थांब," नानासो म्हणाला, आणि उजवा कान खिडकीच्या गजाला लावून उभा राहिला. "आता सांग."