भावोजींचं होकायंत्र

आमचे भावोजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि चार महिन्यांत त्यांना अतींद्रिय शक्ती प्राप्त झाली. नोकरीत असताना टेबलावरची फाईल ज्यांना दिसत नसे, त्यांना आता मैलभर लांबचं दिसू लागलं.

कारण काय, तर पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र. कबुतर त्याच्या जोरावर घरी येतं, कासव वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतं, मग माणसानेच काय घोडं मारलंय? त्यातून आपल्या जांभ्या दगडात लोखंड, म्हणून कोकणी माणसाला जास्त दिसतं. दिसतं खरं, विशेषतः शेजाऱ्याच्या हद्दीतलं.

गेल्या एप्रिलात भर दुपारी बाबा घरातून नाहीसे झाले. दोन वर्षांपासून त्यांचं विसरणं वाढलेलं, त्यात चपला दारातच. मी घरभर शोधलं. आमच्याकडे राहायला आलेले भावोजी मात्र उत्तरेकडे तोंड करून डोळे मिटून बसले, मग मोबाईलमधलं होकायंत्र उघडून अंगणात फिरले. काटा थरथरून थांबला.

"तळेऱ्याच्या दिशेने ओढ जाणवतेय," ते ऑफिसातल्या मराठीत म्हणाले.

मोबाईलच्या कव्हरला लोहचुंबक होतं. भावोजी जिकडे तोंड करतील तिकडे काटा, आणि त्यांचं तोंड होतं त्यांच्या गाडीकडे. हे मला तेव्हाच दिसलं होतं. तरी मी गाडीत बसलो. गाडीत एसी होता, आणि त्या उन्हात झाडीतून हाका मारत फिरायचा मला कंटाळा आला.

तळेऱ्याच्या नाक्यावर दोन तास गेले. भावोजींना तिथे दोनदा ओढ जाणवली, दोन्ही वेळा चहाच्या टपरीकडे.

परतलो तर बाबा पडवीत बसलेले आणि आई त्यांच्या पोळलेल्या तळव्यांना खोबरेल लावत होती. घरामागच्या काजूच्या बागेत बिया वेचताना तिला ते सापडले होते.

"तुका कसा कळला?" मी विचारलं.

"सकाळपास्ना सांगी होते, काजीत जातंय म्हणान. आयकता कोण?"

सांगत होते ते मलाच. मी मोबाईलमध्ये डोकं घालून 'हो' म्हटलं होतं.

"आज चुंबकीय वादळ असणार," भावोजी पुटपुटले.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. बऱ्याच दिवसांनी मला ओळखून पाहिलं.

"खंय गेललंस रे?" ते म्हणाले. "मी तुका हाका मारी होतंय."